इंजिन वळवलं तर विमान वळेल का?

मालवणच्या किनाऱ्यावरून निघणारी छोटी फायबरची होडी कधी नीट पाहिली आहे का? मागच्या फळीला आउटबोर्ड मोटर अडकवलेली असते, तिचा पंखा पाण्यात आणि दांडा माणसाच्या हातात. या होडीला वेगळं सुकाणू लागत नाही. दांडा डावीकडे ओढला की मोटर फिरते, पाण्याचा झोत फिरतो आणि होडीचं नाक उजवीकडे वळतं. खडकांमधून नेमकी वाट काढताना त्या माणसाचा हात फार तर वीतभर हलतो.

हे पाहिलेला माणूस विमानात खिडकीशी, पंखाच्या जरा मागे बसला की त्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. समोर पंखाखाली एवढं मोठं जेट इंजिन लटकतं आहे. ते होडीच्या मोटरसारखं थोडं डावी-उजवीकडे फिरवता आलं, तर शेपटीवरचं रडर (तिथली उभी झडप), पंखांवरच्या झडपा आणि त्यांना हलवणाऱ्या तेलाच्या नळ्या या साऱ्याची गरजच काय?

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर शोधायला लागलं की विमान मुळात वळतं कसं, हेच आपल्याला ठाऊक नव्हतं असं लक्षात येतं. निदान माझं तरी तसं झालं. आणि इंजिनं फिरवणारं जेट विमान जर्मन अभियंत्यांनी खरोखर बांधलं होतं, उडवलंही होतं.

आधी थोडा हिशेब करू. आकडे सोपे घेतो. समजा १६०-१८० प्रवासी नेणारं, ७० टन वजनाचं विमान ताशी ८३० किलोमीटर वेगाने सरळ चाललं आहे. ते खाली पडत नाही, म्हणजे पंख त्याला ७० टनांच्या बळाने वर उचलून धरत आहेत. दोन्ही इंजिनं मिळून त्याला पुढे किती रेटत असतील? जेमतेम ४ टन! हवेचा विरोध तेवढाच असतो आणि तेवढाच भरून काढायचा असतो. पंखाची उचल इंजिनाच्या रेट्याच्या सतरा-अठरापट असते. याच गुणोत्तरामुळे दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान १० किलोमीटर उंचीवरून दीडशेहून जास्त किलोमीटर तरंगत जाऊ शकतं.

आता या विमानाला वळवायचं आहे. वळायचं म्हणजे कुणीतरी त्याला बाजूला ओढायला हवं. मोटारीला रस्ता ओढतो, टायरच्या घर्षणातून. हवेत धरायला रस्ता नाही, तेव्हा बाजूचं बळ कुठून आणायचं?

पहिला उपाय इंजिनं फिरवण्याचा. दोन्ही इंजिनं १० अंशांनी वळवली, तर ४ टनांच्या रेट्यातला सुमारे ७०० किलोंचा वाटा बाजूला लागतो. ७० टनांच्या विमानाला ७०० किलो! एवढ्या ओढीवर ते ज्या वर्तुळात फिरेल त्याची त्रिज्या ५४० किलोमीटर भरते. मुंबईवरून उलटं फिरायला निघालेलं विमान अर्धं वर्तुळ पुरं करेपर्यंत मूळ वाटेपासून हजारभर किलोमीटर बाजूला गेलेलं असेल. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर साधारण तेवढंच आहे.

दुसरा उपाय म्हणजे विमान कलवायचं. पंखाच्या टोकाशी, मागच्या कडेला आयलेरॉन नावाची झडप असते. एका पंखावरची वर उचलली आणि दुसऱ्यावरची खाली केली की एक पंख वर जातो, दुसरा खाली येतो. पंख कलले की त्यांची उचलही कलते. २५ अंशांच्या कलात तिचा ३२ टनांहून जास्त वाटा बाजूला ओढू लागतो. विमान खाली घसरू नये म्हणून एकूण उचल थोडी वाढवावी लागते, बस. त्रिज्या आता साडेअकरा किलोमीटरवर येते. इंजिनं फिरवून मिळालं असतं त्याच्या पंचेचाळीसपटींहून जास्त बळ, तेही दोन लहानशा झडपा हलवून.

विमान पंखाने वळतं. शाळेत मी धरून चाललो होतो की रडर फिरवलं की विमान वळतं, जहाजासारखं. रडरचं काम वेगळं असतं. वळताना शेपटी बाहेर फेकली जाऊ नये, नाक आणि वाट एका रेषेत राहावी, हे ते सांभाळतं. एक इंजिन बंद पडून दुसरं विमानाला आडवं फिरवू लागलं, तर ते थोपवण्यासाठीही त्याचा मोठा उपयोग. वळणाचं बळ मात्र पंखांकडून येतं.

कुणी म्हणेल, इंजिन फिरवून विमान बाजूला ढकलायचं नाही, फक्त नाक वळवायचं. पुढचं पंख बघून घेतील. होडीत तसंच तर होतं! पण होडीची मोटर अगदी मागच्या टोकाला असते. तीच मोटर मधोमध बसवून पाहा. दांडा फिरवला की होडी खेकड्यासारखी तिरपी सरकेल आणि नाक जवळपास होतं तिकडेच राहील. दाराची कडी बिजागरीपासून लांब का असते, तेच कारण. बळ जितकं टेकूपासून लांब, तितकं फिरवणं सोपं. पंखाखालचं इंजिन लांबीच्या मापाने विमानाच्या गुरुत्वमध्याच्या आसपासच असतं. त्याला बाजूला फिरवणं म्हणजे बिजागरीपाशी दार ढकलणं. रडर अगदी मागे, शेपटीच्या टोकाशी असतं ते याचसाठी.

रॉकेटचं मात्र होडीसारखं आहे. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन उड्डाणात थोडं थोडं डोलतं आणि त्यावरच रॉकेटची दिशा राखली जाते. तिथे इंजिन बुडाशी आहे, पंख नाहीत आणि सगळा भार इंजिनाच्या रेट्यावर आहे.

विमानाच्या बाबतीत मला सर्वांत पटणारं कारण आणखी पुढचं आहे. विमानावर सर्वांत बारीक ताबा हवा असतो उतरताना. आडवा वारा असतो, धावपट्टी जवळ येत असते, दर सेकंदाला छोटी दुरुस्ती करावी लागते. आणि उंचीवरून खाली येताना इंजिनं बराच वेळ अगदी मंद चाललेली असतात, कारण वेग आणि उंची कमीच करायची असते. रेटाच नसेल तर वळवणार काय? रेट्यावर विसंबलेलं सुकाणू नेमकं गरजेच्या घटकेला दुबळं पडेल. आणि एक इंजिन बंद पडलं, तर त्याच्यासोबत अर्धं सुकाणूही जाईल.

शिवाय इंजिन म्हणजे नुसती नळी नाही. या आकाराच्या विमानाचं एक इंजिन आवरणासकट अडीच टनांच्या पुढे जातं आणि आतला गाभा मिनिटाला १४,००० हून जास्त फेरे घेतो. सायकलचं सुटं चाक आसाने दोन्ही हातांत धरून कुणाला तरी जोरात फिरवायला सांगा, आणि मग आस आडव्या पातळीत वळवून बघा. चाक हातातून वर-खाली कलू पाहतं. इंजिन वळवतानाही हेच बळ पंखाला पिळणार. इंधनाची नळी, गरम हवेची नळी, विजेच्या तारा, सगळं त्या हलत्या सांध्यातून न्यायचं. आणि इंजिनाचं तोंड समोरच्या हवेपासून वळलं की आत शिरणारी हवा विस्कटते, ती आतल्या पात्यांना चालत नाही.

आता त्या जर्मन विमानाकडे येतो. या सगळ्या अडचणी ठाऊक असूनही ते का बांधलं गेलं, हे बघण्यासारखं आहे.

शीतयुद्धाचे दिवस होते. युद्ध पेटलं तर पहिल्याच तासांत धावपट्ट्यांवर बॉम्ब पडतील, ही भीती पश्चिम जर्मनीला होती. म्हणून धावपट्टीशिवाय सरळ वर उठणारं आणि तरीही ध्वनीहून वेगवान असं लढाऊ विमान हवं होतं. ब्योल्को, हाइंकेल आणि मेसरश्मिट या तीन कंपन्यांनी १९५९ मध्ये एकत्र येऊन ते काम घेतलं. विमानाचं नाव व्हीजे १०१ सी. त्याला रोल्स रॉइसची सहा इंजिनं. दोन वैमानिकाच्या मागे धडात उभी बसवलेली, फक्त उचलण्यासाठी. उरलेली चार पंखांच्या अगदी टोकांना, प्रत्येक टोकाला दोन-दोनची जोडी एका आवरणात. ही आवरणं सबंध फिरायची. जमिनीवरून उठताना इंजिनांची तोंडं आकाशाकडे, पुढे जायचं झालं की हळूहळू आडवी.

ते अधांतरी स्थिर असताना वैमानिक त्याला कसा सांभाळायचा, हे मला फार सुंदर वाटतं. एका टोकाच्या जोडीचा जोर वाढवला की ती बाजू वर जायची. धडातली इंजिनं आणि टोकांची इंजिनं यांच्या जोरात फरक केला की नाक वर किंवा खाली. आणि जागच्या जागी वळायचं झालं, तर एका टोकाची जोडी किंचित पुढे आणि दुसऱ्या टोकाची किंचित मागे कलवायची, की विमान स्वतःभोवती फिरायचं. इंजिनं फिरवून विमान वळवायचं म्हणतात ते हेच.

इथे ते का जमलं? अधांतरी थांबलेल्या विमानाला वेग नाही, वेग नाही म्हणून पंखाला उचल नाही. सगळं वजन इंजिनांवर आहे. मघाचा हिशेब इथे पार उलटा होतो. शिवाय इंजिनं पंखांच्या टोकांशी, म्हणजे कडी बिजागरीपासून होईल तितकी लांब.

१९६३ च्या एप्रिलमध्ये ते पहिल्यांदा मोकळं तरंगलं. त्याच सप्टेंबरमध्ये उभं उठून, इंजिनं आडवी करून ते सरळ उड्डाणात गेलं. १९६४ मध्ये त्याने ध्वनीचा वेगही ओलांडला. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला पहिला नमुना स्वयंचालक नियंत्रणातल्या दोषामुळे कोसळला; वैमानिक आसनासकट बाहेर फेकला गेला आणि वाचला. दुसऱ्या नमुन्याने काम पुढे नेलं, पण १९६८ मध्ये प्रकल्प बंद झाला. वर उठताना लागणारी दोन इंजिनं पुढच्या सगळ्या प्रवासात निव्वळ ओझं होती, आणि खाली आदळणारा तापलेला झोत जमीन उखडायचा. दुसरा नमुना म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमच्या संग्रहात आहे.

इंग्रजांनी त्याच गरजेवर वेगळं उत्तर काढलं. इंजिन जागचं हलवायचंच नाही, फक्त झोताची तोंडं फिरवायची. हॅरियर विमानाच्या पोटात एकच पेगॅसस इंजिन आणि त्याला चार नोझल, दोन पुढे, दोन मागे. पुढच्यांतून इंजिनाच्या पंख्याची थंड हवा निघते, मागच्यांतून तापलेला झोत. चारही नोझल एकत्र फिरतात, आणि ती फिरवणाऱ्या यंत्रणेत चक्क साखळ्या आहेत, सायकलच्या साखळीच्या जातीच्या. वैमानिकाच्या डाव्या हाताशी थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याच्या, शेजारी एक जादा दांडा, तो मागे ओढला की नोझल खाली वळतात. या विमानाचा पूर्वज १९६० च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा दोरांनी बांधलेल्या अवस्थेत जमिनीपासून उठला, तेव्हा वैमानिक बिल बेडफर्ड यांचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता.

गोव्यात राहणाऱ्यांना हे विमान परकं नाही. भारतीय नौदलाची सी हॅरियर विमानं १९८३ पासून २०१६ पर्यंत दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर होती; विक्रांत आणि विराट या जहाजांवरून ती उडत. दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात गेलात तर सी हॅरियरच्या बाजूला उभे राहून ती नोझल जवळून बघा. चारही गुरुत्वमध्याच्या भोवती बसवलेली आहेत. म्हणजे त्यांच्या जोरावर विमान उचलता येतं, पण नाक वळवता येत नाही. टेकूपाशीच तर आहेत ती! म्हणून नाक, शेपटी आणि पंखांच्या टोकांशी छोटी छिद्रं ठेवली आहेत. इंजिनातली दाबाची हवा त्यांतून फुसकन सोडून अधांतरी विमानाचा तोल सांभाळतात. बळ इंजिनाचंच, पण जागा लांबची.

नाशिककरांच्या घरावरून जाणाऱ्या विमानाची तऱ्हा आणखी वेगळी. ओझरच्या एचएएल कारखान्यात सुखोई-३० एमकेआय जोडलं जातं, आणि या विमानाची पहिली तुकडी २००२ मध्ये पुण्यात लोहगावला उभी राहिली. त्याच्या मागून पाहिलं तर दोन नोझल दिसतात. एकावर एक चढलेल्या धातूच्या पाकळ्यांची कडी, मिटत आलेल्या फुलासारखी. प्रत्येक नोझल आपल्या एकाच पातळीत १५ अंशांपर्यंत हलतं, पण त्या दोन पातळ्या सरळ उभ्या नाहीत. त्या ३२ अंशांनी तिरक्या आहेत, मागून इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. म्हणून दोन्ही नोझल सोबत हलवली तर नाक वर-खाली होतं, आणि एकमेकांविरुद्ध हलवली तर विमान वळतं, गिरकी घेतं.

याची गरज कधी पडते? लढाईत वैमानिक नाक इतकं उभं करतो की पंखावरची हवा सुटते आणि उचल ढासळते. शेपटीवरच्या झडपा मेलेल्या हवेत हलत राहतात, त्यांना धरायला काही उरत नाही. नोझलमधून निघणाऱ्या झोताला बाहेरच्या हवेची पर्वा नसते. पंखाने काम सोडलं, तेवढ्यापुरतं इंजिनाने ते उचललं. आणि नोझल कुठे आहेत? पार मागे, जिथे होडीची मोटर असते तिथेच.

प्रवासी विमानात ही वेळ ठरवून येत नाही. ती आली, तेव्हा काय झालं?

१९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेलं युनायटेड २३२, डीसी-१० विमान, आत २९६ माणसं. शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची तबकडी फुटली. टायटॅनियममधल्या एका दोषापासून वाढत गेलेली भेग होती ती. उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने झडपा हलवणाऱ्या यंत्रणांच्या, नळ्या कापल्या. तेल गेलं, आणि त्यासोबत आयलेरॉन, रडर, नाक वर-खाली करणारं शेपटीवरचं एलेव्हेटर, सगळंच गेलं. उरली पंखांखालची दोन इंजिनं आणि त्यांचे दोन थ्रॉटल.

कॅप्टन अल हेन्स यांच्या मदतीला डेनी फिच आले. ते प्रवासी म्हणून बसले होते, पण डीसी-१० शिकवणारे वैमानिक होते. दोन आसनांच्या मध्ये गुडघे टेकून त्यांनी एकेका हातात एकेक थ्रॉटल धरला. डाव्या इंजिनाचा जोर वाढवला की विमानाचं नाक उजवीकडे वळे. मग डावा पंख वाऱ्यात पुढे येई. पंख मागे झुकलेले असल्याने पुढे आलेल्या पंखाला उचल जास्त मिळते. तो वर जाई, विमान उजवीकडे कले आणि वळे. बघा, शेवटी वळवलं पंखानेच. इंजिनाने त्याला फक्त हाक मारली.

पण ही हाक उशिरा पोचते. मंद चाललेलं जेट इंजिन पूर्ण जोरावर यायला काही सेकंद घेतं. त्यात विमान लाटेवरच्या होडीसारखं हळूहळू वर-खाली डुलत होतं, आणि तो डोल मोडायचा तर नाक खाली जात असताना, वेग वाढत असताना जोर द्यायचा. कोणत्याही वैमानिकाचा हात जे करायला धजणार नाही ते. ४४ मिनिटं त्यांनी ते सांभाळलं आणि आयोवातल्या सू सिटीची धावपट्टी गाठली. वेग ताशी ४०० किलोमीटरच्या घरात होता, नेहमीच्या दीडपट. टेकताना उजवा पंख आधी लागला, विमान मोडलं, पेटलं. ११२ माणसं गेली, १८४ वाचली.

नासाच्या ड्रायडन केंद्रातले अभियंते बिल बर्कम यांनी त्यावर विचार केला तो असा: इंजिन फिरवायला नको, हवा तो हात जो थकत नाही आणि घाई करत नाही. संगणकाला विमानाची गती आणि कल सतत कळत असतात. प्रत्येक इंजिनाचा जोर किती आणि केव्हा बदलायचा हे त्याने ठरवावं. वैमानिकाने फक्त दिशा आणि उतार सांगायचा. १९९३ च्या एप्रिलमध्ये एफ-१५ आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये तीन इंजिनांचं एमडी-११, अशी दोन विमानं एकही झडप न हलवता, निव्वळ इंजिनांच्या जोरावर धावपट्टीवर उतरवली गेली. दोन्ही वेळा चालवत होते माजी अंतराळवीर गॉर्डन फुलर्टन.

विमानाच्या बाहेरच्या अंगात काहीही बदलावं लागलं नाही, सगळी करामत संगणकातल्या आज्ञावलीची होती. तरीही ती प्रवासी विमानांत बसवली गेली नाही. तिन्ही यंत्रणा एकदम जाणं अत्यंत दुर्मीळ, त्यासाठी एवढी खटपट कशाला, हा त्यामागचा विचार. मला तो आजही पटत नाही.

२२ नोव्हेंबर २००३ ला बगदादहून उठलेल्या डीएचएलच्या मालवाहू एअरबस ए-३०० वर जमिनीवरून क्षेपणास्त्र आलं. डावा पंख पेटला, तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. मदतीला संगणक नव्हता. जळून झिजत चाललेल्या डाव्या पंखाची उचल घटत होती, आणि एरिक जेनॉट, स्टीव्ह मिशिलसेन, मारिओ रोफेल हे तिघे दोन थ्रॉटलनी ती कमतरता भरून काढत होते. थोड्याच वेळात त्यांच्या हाताला तो उशीर, तो डोल कळू लागला. ते वळून परत आले. विमान धावपट्टीवर टेकलं, डावीकडे घसरत वाळूत शिरलं, काटेरी तारेचं कुंपण ओढत गेलं आणि धुळीच्या ढगात थांबलं. तिघेही घसरगुंडीवरून उतरून चालत बाहेर आले.